सात पांढरी झाकणं

कारखान्यातून रिकामा ड्रम आला की आधी त्याचं लेबल खरवडायचं, हा वखारीतला पहिला नियम होता. झाकण उघडायचं त्यानंतर, हुंगायचं त्यानंतर, आणि धुणं सगळ्यात शेवटी. लेबलावर काय लिहिलंय ते वाचू शकणारा वखारीत एकटा शेठ, आणि ते दुसऱ्या कुणी वाचावं अशी त्याची अजिबात इच्छा नव्हती. "चित्रं बघून गिऱ्हाईक घाबरतं," तो म्हणायचा. "लेबल गेलं की ड्रम म्हणजे नुसता ड्रम."

खरवडायचं काम हुंगणाऱ्या आबांच्या सुनेकडे होतं. गरम पाण्यात चिंधी भिजवून लेबलावर दाबून धरायची, डिंक सैल झाला की कोपऱ्यातून पत्र्याची पट्टी हळूच आत सरकवायची. घाईत काढलं की लेबल फाटतं, आणि मग नखांनी उकरत बसावं लागतं. तिच्या उजव्या हाताची दोन नखं अशीच मुळापासून गेली होती आणि बाकीची हळदीत बुडवल्यासारखी पिवळी पडली होती. हातमोजे वखारीत नव्हते असं कुणी म्हणू नये. होते. एक जोड होता, ऑफिसातल्या खिळ्याला टांगलेला. तपासणीचे साहेब येणार असले की शेठ तो काढून समोर दिसेल त्याच्या हातात कोंबायचा. साहेब गेले की मोजे पुन्हा खिळ्यावर. साहेबही असे भले की वर्षातून एकदा यायचे, मोजे बघायचे, चहा घ्यायचे आणि जायचे.

दोन वर्षं पावसाने तोंड दाखवलं नव्हतं. विहिरींत गाळ तेवढा उरला होता. टँकर चार दिवसांनी एकदा यायचा, वखारीसमोरच्या मोकळ्या जागेत उभा राहायचा, आणि ज्याच्याकडे भांडं मोठं त्याला पाणी जास्त. त्यामुळे ड्रमांना असा उठाव आला होता की धुतलेला ड्रम सुकायच्या आत विकला जायचा. लोकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि शेठच्या तोंडावर तजेला आला होता.

लोक डोळे झाकून ड्रम घ्यायचे ते आबांच्या भरवशावर. आबा म्हणजे सुनेचे सासरे. सव्वीस वर्षं ते वखारीत हुंगायच्या कामावर होते. झाकण काढलं की आबा वाकायचे, तोंड मिटून एकच लांब श्वास आत घ्यायचे आणि खडूने खूण करायचे. एक रेघ म्हणजे "गोड", म्हणजे आत पाक नाहीतर साबण होता, एका पाण्यात विसळला की झालं. दोन रेघा म्हणजे सोडा टाकून तीनदा धुवायचा. फुली म्हणजे कुणी हात लावायचा नाही. गिऱ्हाईक ड्रम बघायच्या आधी विचारायचं, "आबांनी पास केलाय ना?" हे ऐकलं की आबा दुसरीकडे बघत, पण त्यांची मान दोन बोटं वर जायची.

त्या आठवड्यात मात्र आबा जवळ आले की बायका बाही नाकाला लावत होत्या. आबांचा सदरा दोरीवरून खाली पडला होता आणि त्यावर मांजर मुतलं होतं. तोच सदरा घालून आबा दोन दिवस वखारभर हिंडत होते.

"आबा, सदरा द्या, धुवून टाकते," सून म्हणाली होती.

"परवाच तर धुतलास. पाणी काय वर आलंय?"

त्यापुढे सासऱ्याला तोंडावर काय सांगणार? वखारीतला ढोल्या हमाल मात्र कुणाची भीडभाड ठेवणारा नव्हता. "आबा, आज अत्तर कुठलं लावलंय?" त्याने सगळ्यांसमोर विचारलं. बायका पोट धरून हसल्या. आबांना वाटलं नेहमीची थट्टा आहे. तेही हसले, म्हणाले, "घरचंच आहे रे." सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारा हट्टाला पेटलाय, असं मनाशी म्हणून तिने पट्टी जोरात चालवली आणि लेबल फाडलं.

हसायला त्या दिवशी ठेंगणी नव्हती. ठेंगणी म्हणजे विसळायच्या कामावरची बाई, कमरेएवढी उंची आणि चौघींचं काम एकटी उपसणारी. सोमवारी नव्या कारखान्यातून सात ड्रम आले होते. आबांनी सातांवर एकेक रेघ ओढली. ठेंगणीने खांद्यापर्यंत हात आत घालून ते विसळले. दुपारी तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली, मग उलट्या, मग म्हणाली, मला समोरचं धुरकट दिसतंय. शेठ म्हणाला, "ऊन लागलंय, मीठ-साखरेचं पाणी द्या." तिला घरी पोचवलं. मंगळवारी ती आली नाही, बुधवारीही आली नाही, आणि सातही ड्रम मंगळवारीच विकले गेले. म्हणजे सहा विकले. सातवा शेठने आबांना बक्षीस दिला. "घ्या आबा, तुमच्या नाकावर वखार चाललीये."

बुधवारी संध्याकाळी सून घरी आली. दाराशीच तिला गॅसचा भपकारा आला. शेगडी पेटली नव्हती, पण बटण अर्धं फिरलेलं होतं. शेगडीला लागूनच स्टुलावर आबा बसले होते. तोंडात विडी, हातात काडेपेटी. पहिली काडी मोडली होती, दुसरी काढत होते.

ती ओरडलीच नाही. ओरडायलाही वेळ नव्हता. तिने त्यांच्या हातावर फटका मारला, काडेपेटी भिंतीवर जाऊन आपटली. मग बटण बंद केलं, दार-खिडकी सताड उघडली, आणि सासऱ्याच्या दंडाला धरून त्यांना फरफटत अंगणात आणलं.

"वेड लागलं का तुला? माझ्यावर हात टाकतेस?"

"आबा, घरभर गॅस झालाय. वास येत नाही तुम्हाला?"

"कसला?"

इतक्या सरळपणे त्यांनी "कसला" विचारलं की तिने त्यांचा दंड सोडला. तिने त्यांच्या सदऱ्याकडे बघितलं. सगळं तिच्या ध्यानात आलं. म्हातारा हट्टी नव्हता.

"कधीपासून?"

आबांनी विडी तोंडातून काढली आणि ती बोटांत फिरवत राहिले. "वर्ष होऊन गेलं. आधी बारीक वास गेले. फुलं, साबण. मग एकेक करत सगळेच."

"मग वखारीत काय करता?"

"झाकणं बघतो. लाल झाकण अ‍ॅसिडवाल्यांचं. निळं रंगवाल्यांचं. पांढरं पाकाच्या कारखान्याचं. सव्वीस वर्षं तेच कारखाने, तीच झाकणं. एकदासुद्धा चूक नाही झाली."

"आणि सोमवारचे सात? तो कारखाना नवा होता."

आबांनी विडी खिशात ठेवली. मग म्हणाले, "झाकणं पांढरी होती."

तिला त्यांचा राग आला. आणि त्या रागाच्या आत आणखी एक राग होता, तो आबांवर नव्हता. ते नाक काही चोरीला गेलं नव्हतं. सव्वीस वर्षं रोज पन्नास ड्रमांच्या तोंडात ते घातलं होतं, आणि दर ड्रमात थोडं थोडं राहून गेलं होतं. ते सगळं संपल्यावर शेठने त्यांना बक्षीस म्हणून एक ड्रम दिला होता.

ड्रम अंगणाच्या कोपऱ्यातच होता. कोरडा. रविवारचा टँकर येऊन गेल्यावर आलेला, उद्याच्या टँकरची वाट बघत ठेवलेला.

ती एकदम घरात गेली. स्वयंपाकाच्या बाजूची भिंत पत्र्याची होती, ठिकठिकाणी सडून भोकं पडलेली. वखारीतली जाड, मेणचट लेबलं ती घरी आणायची आणि त्या भोकांवर चिकटवायची. फुकटचं ठिगळ. सोमवारच्या खेपेची लेबलं फार चांगली निघाली होती, मोठी, न फाटता, पाठीला डिंक शाबूत. सातही तिने भिंतीवर लावली होती. प्रत्येकावर दोन चित्रं. एकात कवटी आणि दोन हाडं. दुसऱ्यात उलटा पडलेला मासा आणि त्याच्या शेजारी वाळून गेलेलं झाड. तीन दिवस त्या माशाकडे बघत तिने स्वयंपाक केला होता. इतकं ढळढळीत चित्र, वाचायला यावं लागतं असं थोडंच होतं! तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

चित्रांच्या खाली एक आकडा होता. अक्षरं तिला येत नव्हती, आकडे येत होते. खरवडताना ड्रम आडवा लोळवला की तोच आकडा बुडावर उमटवलेला दिसायचा, खोल, कुठल्याही पट्टीने न निघणारा. तिने अंगणातला ड्रम आडवा केला. मग भिंतीवरची लेबलं एकेक बघत गेली. पाचवं लेबल त्या ड्रमाचं होतं.

"आबा, इकडे या. बघा."

आबांनी बघितलं. आकडा बघितला, मासा बघितला. ते भिंतीला धरून खाली बसले.

"उरलेले सहा मंगळवारी विकलेत," ती म्हणाली. "मधे टँकर आलेला नाही. अजून कोरडे असतील. उद्या सकाळी टँकर येईल, सहा घरं त्यात पाणी भरतील आणि पितील. तुम्ही सांगा त्यांना. तुमचंच ऐकतील."

"काय सांगू? माझं नाक गेलंय म्हणून?"

"हो."

"माझ्याजवळ दुसरं काय आहे ग?" आबा म्हणाले, आणि तोंड फिरवून बसले.

तेवढ्यात तिचा नवरा आला. तो वखारीचा टेम्पो चालवायचा. कारखान्यातून ड्रम आणायचे, घरोघर पोचवायचे. त्याने सगळं ऐकून घेतलं, बूट काढले, मोजे काढले, मोजे बुटांत घातले. वेळ काढत होता.

"कुठल्या घरी दिलेत ते?" तिने विचारलं.

"शेठला कळलं तर उद्या तिघंही घरी बसू."

"अहो, मी घरांचं विचारतेय."

"आबांच्या तोंडावर लोक थुंकतील. ते चालेल तुला?"

"तुम्ही भरलात ना टेम्पो? तिथे काय बघितलंत?"

त्याने बूट भिंतीशी सरकवले. मग खालमानेने म्हणाला, "तिथली माणसं डोळ्यांपर्यंत झाकलेली होती. कोपरापर्यंत हातमोजे. मी झाकणाला हात लावला तर एक जण अंगावर धावून आला. बरोबर एक कागदही दिला होता."

"कुठे आहे तो?"

"शेठला दिला. ऑफिसचं टेबल डुगडुगत होतं. त्याने घडी करून पायाखाली घातला."

"आणि तुम्ही तीन दिवस तोंडाला कुलूप लावून बसलात?"

"मला वाटलं, आबा हुंगतील ना!" तो ओरडला. "आबांना कळेल, असंच वाटलं मला! सगळ्यांना तेच वाटतं!"

आबा तिथेच बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही.

सकाळी उजाडताच सुनेने भिंतीवरची सातही लेबलं सोलून काढली. भोकांतून उजेडाच्या सळ्या आत आल्या. ती आधी शिंप्याच्या घरी गेली, कारण मंगळवारी त्याच्या बायकोला ड्रम घेताना तिने स्वतः बघितलं होतं.

"आबांनी पास केलेला आहे," शिंपीण दारातूनच म्हणाली. "सासऱ्यापेक्षा तुला जास्त कळायला लागलं का?"

"आकडा तरी बघू द्या."

"आकडा बघून काय करू? घरात प्यायला थेंब नाही, आणि ही मला मासे दाखवतेय." दार लागलं.

मग ती दारोदार विचारत निघाली. पुढच्या घरचा टायरवाला म्हणाला, "शेठशी बिनसलेलं दिसतंय तुमचं. आम्हाला कशाला मधे घेता?" तिसऱ्या घरात माणूस नव्हतंच. सगळे टँकरच्या रांगेला गेले होते, आणि ड्रमही.

ती पळत सुटली. वखारीसमोर रांग लागली होती. चाळीसएक ड्रम, निळे, काळे, सगळे धुतलेले, सगळे सारखे. टँकरवाला पाईप सोडत होता. पहिल्या ड्रमाच्या तोंडात पाईप जाणार एवढ्यात तिने तो दोन्ही हातांनी धरला.

"थांबा. यातले सहा ड्रम विषाचे आहेत."

मग जो गलका झाला! चार दिवसांची तहानलेली माणसं ती. कुणी तिचे हात ओढले, कुणी शिवी दिली. "पाणी सांडतंय, मूर्ख बाई!" ती लेबलं दाखवत होती, बुडावरचे आकडे बघा म्हणत होती, पण ऐकतं कोण? शेठ ऑफिसातून बाहेर आला. त्याचा आवाज अगदी शांत होता. "डोकं फिरलंय तिचं, उन्हाने. आबांना बोलवा. आबा सांगतील."

आबा आलेच होते. रांगेच्या टोकाला उभे होते. तोच सदरा. लोकांनी त्यांना वाट दिली आणि वाट देताना नाकं मुरडली.

"आबा, हा शिंप्याचा ड्रम," शेठ म्हणाला. "एकदा सांगून टाका सगळ्यांना."

आबा नेहमीसारखे वाकले. तोंड मिटलं. नाक ड्रमाच्या तोंडात घातलं. रांग गप्प झाली. सुनेच्या हातातला पाईप गळत होता तेवढाच आवाज. आबांनी श्वास घेतला, आणखी एक घेतला. एकावर ते थांबले नाहीत असं सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच झालं. मग ते सरळ झाले.

"मला काही येत नाही," आबा म्हणाले. "वर्ष झालं. वासच येत नाही."

शेठ हसला. "सर्दी झाली असेल, आबा."

"सर्दी नाही." आबांनी दोन्ही हातांनी आपला सदरा छातीवर ताणून धरला. "दोन दिवस तुम्ही सगळे मला बघून नाक धरताय. परवा ढोल्याने विचारलं अत्तर कुठलं, आणि मी हसलो. मला काल रात्री कळलं की यावर मांजर मुतलंय. सूनबाई बोलली नाही, मी मुलाला विचारलं. मला वास आला असता तर मी हा सदरा घालून तुमच्यात हसत हिंडलो असतो का? सांगा ना! असतो का?"

कुणी हसलं नाही. ढोल्या स्वतःच्या पायांकडे बघत होता.

"झाकणाच्या रंगावर रेघा मारत होतो मी," आबा म्हणाले. "पोरगी बरोबर सांगतेय. बुडं बघा."

पहिला ड्रम शिंपिणीने उलटा केला. तिने आकडा वाचला, सुनेने लेबल धरलं. जुळला. मग कुणी सांगायची वाट बघितली नाही. धडाधड ड्रम उलटे व्हायला लागले. दुसरा, तिसरा, टायरवाल्याचा चौथा. दोन रांगेच्या शेवटी सापडले. सहा झाले. तेवढ्यात टेम्पो आला. सुनेचा नवरा त्यात घरचा सातवा ड्रम घालून आला होता. तो उतरला, कुणाशी न बोलता ऑफिसात गेला. आत टेबल हलल्याचा खडखडाट झाला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात घडी पडलेला, मळलेला कागद होता. त्याने तो रांगेतल्या कंपाउंडरच्या हातात दिला.

कंपाउंडर अडखळत वाचू लागला. "उघड्या हाताने हाताळू नये. अन्न किंवा पाणी साठवण्यासाठी कधीही वापरू नये. रिकामे पिंपही भरलेलेच समजावे." मग त्याचा आवाज बदलला. "कातडीतून शरीरात जाते. लाळ गळणे, उलटी, धूसर दिसणे. असे झाल्यास कपडे उतरवून अंग धुवावे, ताबडतोब इस्पितळात न्यावे, आणि हा कागद डॉक्टरांना दाखवावा."

"ठेंगणी," कुणीतरी म्हणालं.

तीन दिवस ती घरात पडून होती. मीठ-साखरेचं पाणी पीत. ढोल्या आणि कंपाउंडर कागद घेऊन तिच्या घराकडे धावले. टायरवाल्याची गाडी त्यांच्यामागे गेली. आणि मग सगळ्यांनी शेठकडे बघितलं.

"ड्रम धुऊ नका, जाळू नका," सून म्हणाली. "उघड्या हाताने धरू नका. बाजूला ठेवा, कुणी भरणार नाही असे. कारखान्याला परत जातील." तिने ऑफिसात जाऊन खिळ्यावरचे मोजे काढले आणि नवऱ्याला दिले. नवऱ्याने ते घातले. नवेकोरे होते, बोटं चिकटलेली, उघडायलाच वेळ लागला. तो एकेक ड्रम एकटाच टेम्पोत चढवू लागला.

शेठ तिच्याजवळ आला. माणूस कसा असावा! त्याने आवाज खाली आणला आणि म्हणाला, "झालं गेलं विसरून जा. आबांना आता आराम दे. उद्यापासून तू हुंग. तुझं नाक तरुण आहे, आबांचाच पगार देतो."

तिने त्याच्याकडे बघितलं. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण नुसता संतापच आला.

"हुंगायचं कशाला, शेठ? लिहिलेलं होतं."

सहा ड्रमांना सहा लेबलं तिने पुन्हा लावली. घरच्या सातव्या ड्रमाचं लेबल हातात उरलं, कारण नवऱ्याने तो ड्रम आधीच आत सरकवला होता. ते तिने वखारीच्या फाटकावर चिकटवलं, डोळ्यांच्या उंचीवर, आणि तळव्याने चारही कोपरे दाबून घेतले. कवटी, हाडं, मासा, झाड. मग आबांचा हात धरून ती घराकडे निघाली.

"सदरा धुवून टाक," आबा वाटेत म्हणाले.

"टाकते."

मागे शेठ कुणाला तरी ओरडत होता, "अरे, खरवडा ते!" रांगेतलं कुणी हललं नाही. वखारीतल्या बायका हात बांधून उभ्या राहिल्या. शेवटी तो स्वतःच फाटकाशी गेला. पट्टी घेतली नाही, चिंधी भिजवली नाही. घाईत कोपरा धरून ओढला आणि लेबल मधोमध फाटलं. अर्धी कवटी फाटकावर तशीच राहिली. आबा आणि सून वळणावरून दिसेनासे झाले तेव्हाही शेठ चाळीस माणसांसमोर वाकून ती नखांनी उकरत होता.